नर की मादी, विचारू नये

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

नात आराधना पुण्याला नर्सिंग शिकायला गेली आणि जाताना ही वही माझ्या मांडीवर ठेवून गेली. "आजी, काय काय झालं ते सांगत जा, मम्मी लिहील." मला अक्षर येत नाही. लग्नाला अंगठा, बँकेत अंगठा, आता वहीत तोंड. मम्मी म्हणजे माझी सून सिल्व्हिया. सासूनं सांगायचं, सुनेनं लिहायचं. सुनेची चुगली सुनेकडूनच लिहून घ्यायची, असली सोय अख्ख्या केडगावात दुसऱ्या सासूला नसेल.

चार ओळी झाल्यावर वाचून दाखव म्हटलं. मी 'हाय' म्हटलं होतं तिथं हिनं 'आहे' केलेलं. "माझ्या बोलण्याला इस्त्री कशाला करतीस गं?" तर म्हणते, "आई, लिहिताना असंच लिहायचं असतं." मग तोडगा निघाला. माझं सांगणं ती तिच्या पद्धतीनं लिहील, पण कुणी कुणाशी बोललं-भांडलं तर ते जसंच्या तसं. भांडणाला इस्त्री चालत नाही.

१६ सप्टेंबर

आज आमोसचं सांगते. माझा मुलगा. नागापूरला कंपनीत मशीनवर होता, केस पिकेपर्यंत. यंदा तिथली त्याची लाईनच बंद झाली. महिनाभर घरात बसून छताकडं बघितलं आणि मग पुणे रस्त्याच्या अंगाला असलेल्या आमच्या पुढच्या खोलीत माशांचं दुकान टाकलं. मला वाटलं बोंबील, सुकट. बघते तर काचेच्या पेट्या, पेटीत दिवे, दिव्याखाली मासे. खायचे नाहीत म्हणे, नुसते बघायचे.

मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसते. राहुरीकडं होतो तेव्हा कोंबड्या राखल्या, शेरडं राखली. आता मासे राखते. शेरडं निदान ओरडतात तरी.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आलो आणि दुकान उघडलं. रविवारी गिऱ्हाईक जास्त.

सगळ्यात मागणी एकाच माशाला. आमोस त्याला फ्लॉवरहॉर्न म्हणतो, सिक्लिड नावाच्या माशांच्या जातीतला. मोठा झाला की कपाळावर हे एवढं टेंगूळ येतं, दारावर आपटल्यासारखं. जितकं टेंगूळ मोठं तितकी घरात बरकत, असं लोक धरून चालतात. टेंगूळ मोठं येतं नराला. म्हणून सगळ्यांना नर पाहिजे. पण दुकानात असतात पिल्लं, बोटाएवढी. सगळी एका तोंडावळ्याची.

आमोस काय करतो, हात ओला करून पिल्लू तळव्यावर उताणं धरतो, मोबाईलची बत्ती पाडतो आणि पोटाखाली बारीक भोकं असतात ती बघतो. मग बोट वर करतो. "नर. गॅरंटी."

मी म्हटलं, सरक बाजूला. जन्मभर कोंबड्यांची पिल्लं पाहिली. टेंगूळ म्हणजे तुरा, दुसरं काय? जो पिल्लू असल्यापासून दुसऱ्याला ढकलतो, खाण्यावर आधी येतो, मान वर काढतो, तो कोंबडा. आपले सूर्यभान गुरुजी आले होते, रिटायर माणूस, घरी एकटे. त्यांना मी स्वतः पिल्लू काढून दिलं. चांगलं दांडगट. "घ्या गुरुजी डोळे झाकून. कोंबडा हाय ह्यो." गुरुजी हसले आणि घेऊन गेले.

आमोसपेक्षा मला लवकर कळतं. लिही गं ते, ठळक लिही.

५ ऑक्टोबर

आज मच्छिंद्र आला. पुढं रस्त्याला त्याचं जेवणाचं हॉटेल आहे, रश्श्याला लोक नगरातून येतात. रस्सा त्याची बायको पुष्पावती करते, गल्ल्यावर हा बसतो. त्याला गल्ल्यामागं मोठी पेटी आणि एक नर पाहिजे. "आमोसभाऊ, मादी निघाली तर?" आमोसनं एक पिल्लू उताणं केलं, बत्ती पाडली, बोट वर केलं. "निघायची न्हाई. गॅरंटी."

मी म्हटलं, "मच्छिंद्र, नाव तुझं असलं आन् मासा तुला वळखता येत न्हाई व्हय?" तो म्हणाला, "मावशी, नाव आजोबांनी ठेवलं. त्येन्लाबी येत नव्हता."

३० नोव्हेंबर, शनिवार

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. सिल्व्हियाचे गुडघे दुखले, माझे दुखले, माशांना गुडघे नाहीत.

आज सूर्यभान गुरुजी आले. कपडे पांढरेशुभ्र, हातात मोबाईल. पडद्यावर त्यांची पेटी, पेटीत मातीची कुंडी आणि कुंडीवर साबुदाण्यासारखे दाणे. शेजारी माझा कोंबडा, पंख हलवत दाण्यांवर वारा घालतोय.

"केशरबाई, आपल्या कोंबड्यानं अंडी घातली."

मी इतकी हसले की कवळी सांभाळावी लागली. गुरुजीपण हसले. आमोस नाही हसला. तो म्हणाला, "गुरुजी, बदलून देतो." गुरुजी म्हणाले, "नको हो, लळा लागलाय आता. पण एक सांगू का? रस्त्यावर दुसरी दुकानं आहेत. तुमचे चर्चवाले लोक शब्दाला पक्के, म्हणून तुमच्याकडं आलो."

चहा न घेता गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये आज माझं ध्यान नव्हतं. घरी आल्यावर आमोसला समोर बसवला.

"खरं सांग. तुला पिल्लातलं कळतंय का?"

"आई, व्हिडिओत दाखवत्यात."

"सगळ्या व्हिडिओत येकच दाखवत्यात का?"

म्हणाला, एक सांगतो पाठीच्या पराला काळा डाग असला की मादी, दुसरा सांगतो डाग जातो मोठेपणी. एक सांगतो पोटाखालचं बघा, दुसरा सांगतो पिल्लाचं बघून काही समजत नाही, वाट बघा.

"मंग ह्यो दुसरा खरा. तू म्हन, कळत न्हाई."

"कळत न्हाई म्हटलं तर कोण घेईल? शेजारचा गॅरंटी देतोय."

"त्यो फसवतोय म्हणून तू फसव, व्हय?"

"आई, तूच दिला हुता ना गुरुजींना? कोंबडा म्हणून?"

"व्हय. मी दिला आन् मी फसले. म्हणून तर सांगतेय."

तो उठून पेट्यांच्या काचा पुसायला लागला. मला जिंकल्यासारखं वाटलं. सिल्व्हिया म्हणते, जिंकल्यासारखं नाही दिसलं. तिचं मत लिहायला वही तिची नाही.

९ डिसेंबर

आठवडाभर माझी नोकरी चालू आहे. गिऱ्हाईक येतं, पिल्लाकडं बोट दाखवतं, विचारतं, नर ना? आमोस तोंड उघडायच्या आत मी खुर्चीतून सांगते, "आजून कळत न्हाई. त्यालाबी न्हाई आन् मलाबी न्हाई. माशालाच म्हाईत, आन् त्यो बोलत न्हाई."

चारातले तीन जातात. एक हसून घेतो. आमोस मला म्हणतो, "आई, घरात बस, थंडी हाय." थंडी. डिसेंबरात काय नवीन असते होय?

२ जानेवारी २०२५

डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ते दाखवायला दवाखान्यात गेले होते. तिथं भिंतीवर पाटी. सिल्व्हियाला म्हटलं काय आहे ते वाच. म्हणाली, पोटातलं मूल मुलगा की मुलगी, ते इथं सांगत नाहीत, विचारणं गुन्हा आहे. मी म्हटलं, हे तर आमच्या दुकानाचं!

येताना रिक्षा थांबवून पुठ्ठा घेतला. मी सांगितलं, सिल्व्हियानं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'येथे पिल्लाचे नर-मादी सांगितले जात नाही. कारण कळत नाही.' शेवटचं वाक्य हिला नको होतं. म्हणाली हसतील. म्हटलं, हसू दे, हसणारा माणूस आत तरी येतो. दाराच्या काचेवर चिकटवली.

आमोस सामान घेऊन आला, बाहेरच उभा राहून वाचली आणि पाटी काढून टाकली.

३ जानेवारी

पाटी परत लावली.

४ जानेवारी

त्यानं काढली. मी लावली. सिल्व्हियाला म्हटलं, तू कुणाच्या बाजूची? म्हणाली, "मी चिकटपट्टीच्या बाजूची." ही माझ्याच संगतीनं बिघडली.

१९ जानेवारी

लोक थांबून पाटीचे फोटो काढतात. काल दोन कॉलेजच्या मुली फोटो काढायला आल्या आणि दोन साधे मासे घेऊन गेल्या, नावगाव न विचारता. पण टेंगूळवाल्यांची विक्री बसली ती बसलीच. पिल्लं वाढतात, पेटी पुरत नाही.

मी चुकत नाही ना? असं एकदा मनात आलं. मुलगा कष्टानं एक गोष्ट उभी करतो आणि म्हातारी खुर्चीत बसून त्याची गिऱ्हाइकं परतवते. दुसऱ्या कुणाच्या सासूनं केलं असतं तर मी तिला काय काय बोलले असते. पण ज्याच्या तोंडावर खोटं बोललो, त्याच्याच शेजारी रविवारी भाजी घ्यायची असते. तसं तोंड घेऊन मी उभी राहणार नाही.

६ फेब्रुवारी

आमोसचं काहीतरी चाललंय. दर दोन-चार दिवसांनी दाढी करतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालतो आणि नागापूरला जातो. विचारलं तर म्हणतो, माशांचं औषध आणायला. माशांच्या औषधाला इस्त्री लागते? मी म्हटलं, "सिल्व्हे, नवऱ्यावर ध्यान ठेव. औषधवाली देखणी दिसतीय." नेहमी उलटा टोला देणारी सून. आज म्हणाली, पेन नीट चालत नाही, आणि उठून आत गेली.

पेन चांगलं चालतंय. हे तिनंच लिहिलंय बघा.

११ फेब्रुवारी

परत गेला. बूटपण पुसले. परत येताना हातात औषध नव्हतं. मी म्हटलं, "संपलं हुतं का?" म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या म्हणलेत." तोंड मात्र इतकं उतरलेलं, जसं काही आजारी तोच होता.

२ मार्च, रविवार

चर्चहून येताना मच्छिंद्रच्या हॉटेलात जेवलो. गल्ल्यामागच्या पेटीतला तो मासा आता ताटाएवढा. काय ते टेंगूळ! आमोसच्या जिवात जीव आला. म्हणाला, "बघ आई, म्हणलं हुतं ना नर." मच्छिंद्रनं त्याचं नाव 'शेठ' ठेवलंय. आल्यागेल्याला सांगतो, शेठ आल्यापासून हॉटेल भरभरून चाललंय. आत पुष्पावती चुलीसमोर घामाघूम, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. मी मोठ्यानं म्हटलं, "मच्छिंद्र, रस्सा शेठ करतो का रे?" आतून झाऱ्याचा आवाज झाला, जोरात. हसली असावी.

२२ मार्च, शनिवार

आजचं नीट लिही सिल्व्हिया, घाई करू नको.

सकाळी मच्छिंद्र आला. एका हातात झाकलेली बादली, दुसऱ्या हाताच्या बोटाला हळद लावून चिंधी. मागून त्याच्या पोऱ्यानं प्लास्टिकच्या टपात मातीची कुंडी आणली. कुंडीवर दाणेच दाणे.

"आमोसभाऊ, ह्ये काय हाय?"

आमोस नागापूरला निघाला होता. इस्त्रीचा शर्ट. बादलीवरचं झाकण काढून बघितलं आणि तसाच वाकून राहिला.

"धा गिऱ्हाइकांसमोर अंडी घातली. काढायला हात घातला तर चावली मला! लोक हसत्यात. म्हणत्यात, शेठ बाळंत झाला."

मी म्हटलं, "मंग बारसं घाल."

"मावशी, मस्करी नका करू. मला आत्ताच्या आत्ता नर पायजे. तुमीच गॅरंटी दिल्ती. आन् हिला टाका त्या तुमच्या मासं खानाऱ्या मोठ्या माशाच्या पुढ्यात, माझ्या डोळ्यासमोर. नायतर केडगावात कुणाला हितं पाय ठिऊ देत न्हाई मी."

"मी हाय तवर हिला कुनी कुटं टाकत न्हाई," मी उठून उभी राहिले. बादली माझ्या पायापाशी ओढून घेतली. जड होती, पाणी साडीवर सांडलं. "खाऊन-पिऊन हेवढी झाली, तुझ्या गल्ल्यावर बसली, टेंगूळबी काढून दाखवलं. आनखी काय पायजे तुला? टेंगूळ बघून तू नाचला, मीबी नाचले आसते. तिनं कवा सांगितलं हुतं, मी नर हाय म्हणून?"

"मला तुमच्याशी बोलायचं न्हाई. आमोसभाऊ, नर काढा. लिहून द्या."

शेजारच्या पेटीत सहा-सात होते, हातभर नाही पण बऱ्यापैकी वाढलेले. एखाद्याकडं बोट दाखवलं की विषय मिटला. मी माझ्या मुलाला ओळखते. त्याचं बोट उठलं. खरंच उठलं, छातीपर्यंत आलं.

मग ते बोट त्यानं खिशात घातलं.

"मच्छिंद्रभाऊ, मला कळत न्हाई. तवाबी कळत नव्हतं. मी उगंच बोललो. ह्यातला एखादा न्यायचा तर न्या, पैसं देऊ नका. पण नर म्हणून देत न्हाई. लिहून तर न्हाईच."

"मंग दुकान कशाला मांडलं?"

"त्येच कळंना झालंय."

मच्छिंद्र काहीच न घेता गेला. बादलीपण सोडून गेला, कुंडीपण.

२२ मार्च, तोच दिवस, दुपारी

सिल्व्हियाला चहा पाजून परत बसवली. राहिलेलं सांगते.

आमोस खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, मला साडेअकराला नागापूरला जायचं हुतं. कंपनीत परत घेतायत. कायम न्हाई, पण घेतायत. दोन महिनं खेटे घालतोय."

मी सिल्व्हियाकडं बघितलं. ती कुंडीकडं बघत होती. म्हणजे हिला ठाऊक. औषधवालीवर मी एवढे विनोद केले आणि ही खाली मान घालून ते लिहीत होती.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तू म्हणली आसतीस, हरलास."

म्हटली असते. नक्की म्हटली असते.

मग विचारलं, "दुकान माझ्यापायी बुडालं का रं?"

आमोस खोटं बोलू शकला असता. म्हणाला, "थोडं तुझ्यापायी. थोडं तसंबी."

बरं वाटलं नाही. पण माफी मागितली नाही. त्याला म्हटलं, "जा आता, उशीर हुईल. शर्टावर पानी उडालंय, पुसून घे." तो गेल्यावर सिल्व्हिया म्हणाली, "आई, दुकान बंद नाही करायचं. मी बसते." मी म्हटलं, "तुला काय कळतं माशातलं?" तर म्हणते, "काही नाही. तेच तर आपण सांगतो ना."

बिघडली, पार बिघडली.

२४ मार्च

आमोस कामावर जायला लागला. सिल्व्हिया गल्ल्यावर. मी खुर्चीत.

त्या मादीला एका मोठ्या पेटीत एकटीलाच सोडली, कुंडीसकट. दाणे पांढरे पडलेत. नर नव्हता, त्यात जीव कुठून येणार? पण ती हटत नाही. दिवसभर वारा घालते. काचेजवळ बोट नेलं की धावून येते आणि काचेवर तोंड आपटते. सिल्व्हिया कुंडी धुवायला काढत होती, मी काढू दिली नाही.

२७ मार्च

सकाळी बघितलं तर कुंडी रिकामी. सिल्व्हिया म्हणाली, तिनंच खाल्ली असणार, मासे खातात अशी वाया गेलेली अंडी. मी म्हटलं, हे लिहू नको. मग म्हटलं, लिही. तिची अंडी, तिनं ठरवलं. आता खाण्यावर तुटून पडते आहे.

२९ मार्च, शनिवार

ऐन जेवणाच्या वेळी दारात पुष्पावती. मच्छिंद्रची बायको ह्या वेळेला चुलीपासून हललेली कुणी पाहिली नसेल. डोक्यावर पदर, चेहरा तापलेला.

"मावशी, माझा मासा कुटं हाय?"

"तुझा? शेठ तर नवऱ्याचा हुता."

"नवऱ्याचा आसंल टेंगूळ बघायला. खायला कोन घालत हुतं? पानी कोन बदलत हुतं? लोक म्हणत्यात मोठ्या माशाला घातला. खरं का?"

मी पेटीकडं हात केला. ती काचेशी जाऊन उभी राहिली. मासा बोटावर धावून आला, ती खुदकन हसली. "बघा, हिचा राग कमी न्हाई झाला."

मग म्हणाली, "मला ह्येंनी काल सांगितलं. सात दिस म्हणत हुते पेटी धुवायला काढलीय. म्हटलं, अंडी घातली म्हणून घराबाहेर काढता का? मी तीन बाळंतपनं केली तुमच्या घरात, मलाबी बादलीत घाला. आज सकाळपास्नं चूल पेटवली न्हाई. दारात गाड्या उभ्या हायत. म्हटलं, बघा, टेंगूळ रस्सा करतंय का."

सिल्व्हिया गल्ल्यामागून उठली आणि तिला पाणी दिलं. मला बोलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं.

मच्छिंद्र बाहेर रस्त्यावर उभा, दुसरी रिकामी बादली घेऊन. तोंड असं की आपणच चावलं असावं त्याला. मी म्हटलं, "ये की आत. पाटी वाचून ये." तो आला. सिल्व्हियानं मासा जाळीत धरला, बादलीत सोडला. त्यानं वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "मावशी, आता हिला शेठ म्हणायचं का शेठाणी?"

उत्तर पुष्पावतीनं दिलं. "कायबी म्हनू नका. आधी बादली धरा नीट."

धरली. दोन्ही हातांनी, बाळ धरावं तशी. ती पुढं, तो मागं, आणि पुणे रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या तरी पुष्पावतीनं चाल वाढवली नाही.